पूर्णेवरची फळी आणि गोठ्याचं दार

वनिताचा फोन आला की आजकाल माझं डोकं तापतं. ती माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. आता तिचेही केस पिकले, पण आजोबांचं नाव निघालं की अजून शाळकरी पोरीसारखी हरखते. माझ्या वडिलांच्या पुण्यतिथीला घरचे मिळून एक छोटी स्मरणिका काढताहेत आणि तिच्यात ‘आजोबांची फळी’ हा लेख मीच लिहायचा, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं आहे. मजकूरही तिनंच सांगितला. “मावशी, तू फक्त एवढंच लिही, की पूर्णेला पूर होता, आजोबांनी फळी टाकून सुईण आणली आणि म्हणून मी जगले.” मी म्हटलं, लिहिते. फोन ठेवला आणि हातातलं फडकं भिंतीवर फेकून मारलं. हे वाक्य मी उभा जन्म ऐकत आले आहे. वडील पाहुण्यांना सांगायचे, पाहुणे माना डोलवायचे, आई चहा ठेवायची. त्या वाक्यात पूर खरा आहे, सुईण खरी आहे, वनिता तर चांगली ठणठणीत समोर आहे. फळी मात्र सुईण आणताना टाकली नव्हती. काय टाकलं होतं ते मला माहीत आहे, कारण त्याचं एक टोक मी धरलं होतं.

आमचं घर नदीच्या उंच काठावर, मळ्यातच होतं. आम्ही माळी. वांगी, मिरच्या, दोडके, गवार, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, हेच आमचं जगणं. आई तांबडं फुटायच्या आत उठायची. आधी जात्याची घरघर, मग चुलीतल्या तुराट्यांची तडतड, मग ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापण्याचा आवाज. पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भाकरी एवढं पोटात टाकलं की पाट्या भरायला बसायचं. वांग्यांचे देठ एका बाजूला, सांबारावर ओलं फडकं. बाजार नांदुऱ्याचा, म्हणजे नदीपलीकडे. उन्हाळ्यात पात्रातून चालत जाता यायचं, पण पावसाळा लागला की नावेशिवाय गत नव्हती. आणि नाव लागायची तिथं आमच्याकडची ती काळी माती. ओली झाली की ती माणसाचा पाय धरून ठेवते. एका पावसाळ्यात आई डोक्यावर पाटी घेऊन नावेकडे उतरताना मांडीपर्यंत रुतली, पाटी कलंडली आणि आमची जांभळी वांगी एकामागून एक पाण्यावरून निघून गेली. काठावरचे लोक हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी आईला दोन्ही हातांनी उपसून काढलं.

त्याच सुमारास आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन आलं होतं. बैल जुंपून मोटेनं पाणी काढायचं संपलं. मोटेचं लाकडी चाक आणि जाडजूड नाडा गोठ्यात पडून होते. वडिलांची उमर मोट हाकण्यात गेलेली, ते चाक तसं धूळ खात पडलेलं त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी सागाचे दोन लांब वासे घेतले, त्यांच्यावर आडव्या फळ्या ठोकल्या, काठाकडचं टोक एका मोडक्या बैलगाडीच्या आखावर बसवलं, म्हणजे ते बिजागरीसारखं फिरेल. नदीकडचं टोक नाड्यानं टांगलं. नाडा वर दोन खांबांमध्ये बसवलेल्या मोटेच्या चाकावरून काठावर यायचा, आणि तिथं एका ओळीत सात खुंट्या. पाणी चढलं की नाडा ओढून वरच्या खुंटीला, उतरलं की सैल सोडून खालच्या खुंटीला. नाव आली की वडील फळी बरोब्बर तिच्या कडेवर नेऊन टेकवत. भरली नाव खाली बसते, रिकामी होताना वर उचलते, त्याप्रमाणे ते बोटबोटभर नाडा सोडत आणि आवळत. पाट्या घेतलेल्या बाया त्यावरून घरातल्या ओसरीवरून चालाव्यात तशा चालत जात. नदीकाठच्या दुसऱ्या गावांतले लोक बघायला यायचे. मी वडिलांची लाडकी होते आणि त्या फळीचा मला इतका अभिमान होता, की शाळेतल्या पोरींना मी ती आपणच बांधल्यासारखी दाखवत असे. हेही लिहिलं पाहिजे. रागाच्या भरात मी त्यांची हुशारी खोडून काढणार नाही.

चाकाला वडील तेल घालत, तरी ते ओरडायचंच. घरात बसून आम्हाला घाटावरचं सगळं कळायचं. आधी नाव चालवणाऱ्या लहानू भोयाची हाक यायची, “नाव लागलीऽऽ!” मग चाकाची कुईऽऽ. लांब कुई म्हणजे पाणी उतरलंय. आखूड म्हणजे चढलंय. आणि कधी कधी हाक यायची, पण चाक ओरडायचंच नाही. तेव्हा आई भाकरी उलटता उलटता सहज म्हणायची, “त्या वस्तीतलं कोनी आलं असन.” गावाबाहेरच्या ज्या वस्तीला आमचे लोक शिवत नव्हते, त्या वस्तीची माणसं फळीवरून जात नसत. त्यांच्यासाठी लहानू नाव पन्नास पावलं खाली, वाळूच्या उतारावर नेई आणि ती माणसं पाण्यात पाय टाकून उतरत. हा नियम कोणी केला, कधी केला, मला सांगता येणार नाही. फळी उभी राहिली त्या पहिल्या दिवसापासून तो होता आणि माझ्या वडिलांनी, ज्यांना बायकोचा चिखलात रुतलेला पाय सहन झाला नव्हता, तो बिनबोभाट पाळला. आमच्या शाळेच्या पुस्तकात शिवाशिव वाईट असते असा धडा होता. मी तो पाठ करून पूर्ण मार्क मिळवले होते. न ओरडणारं चाक आणि तो धडा यांची माझ्या डोक्यात कधी गाठ पडली नाही, याची आज मला चीड येते.

माझी थोरली बहीण शांता उंद्रीला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. नदीला दोन दिवस मोठा पूर येऊन गेला, तिसऱ्या दिवशी पाणी उतरू लागलं आणि त्याच पहाटे तिला कळा लागल्या. आईनं पोट चाचपून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. “लेकरू उभं हाय, पाय खाली,” ती वडिलांना म्हणाली. “माह्या हातचं काम नाई हे. गयाबाईले बोलवा.”

गयाबाई पलीकडच्या गावची, तिथल्या बौद्ध वस्तीतली. दीक्षा घेतल्यापासून त्या वस्तीनं गावकीची कामं सोडली होती. गयाबाईनंही उरलंसुरलं अन्न आणि जुनी लुगडी घेणं बंद केलं होतं, पण अडलेल्या बाईचा निरोप आला की ती निघायची. आम्ही सगळी भावंडं तिच्याच हातावर जन्मलो. बाळंतिणीच्या खोलीत तिचा हात आमच्या लोकांना चालत असे, कारण ती खोलीच मुळी विटाळाची. तिथं तिनं आमच्या बायांच्या अंगाला, पोटाला, जिवाला हात लावायचा आणि उंबऱ्याबाहेर आली की आमची सावली चुकवून चालायचं. आणि हे आम्हाला शहाणपणाचं वाटत होतं!

वडिलांनी लहानूला नाव घेऊन पाठवलं. मी शांताताईच्या उशाशी बसले होते. ती माझं मनगट इतकं आवळायची की बांगडी रुतायची. तिचं पाणी गेलं होतं. आई चुलीवर पाणी ठेवून देवाचं नाव घेत होती. मी कान नदीकडे लावले होते. शेवटी लहानूची हाक आली आणि मी ताईला म्हटलं, “आली, ताई, आली गयाबाई.” आणि चाक ओरडण्याची वाट पाहत बसले. चाक ओरडेना. ताईला एक कळ येऊन गेली, दुसरी येऊन गेली. चाक ओरडलंच नाही. मी तिचा हात सोडवून घाटाकडे पळाले.

खालचा वाळूचा उतार पुरानं कापून नेला होता. तिथं आता पुरुषभर उंचीचा उभा कडा होता. फळीशिवाय उतरायला जागाच नव्हती. लहानूनं नाव फळीपाशी आणली होती आणि बांबू रोवून ती प्रवाहात कशीबशी धरून होता. गयाबाई बोचकं काखेत घेऊन नावेत उभी होती. वर फळी टांगलेली, आणि वडील खुंटीपाशी उभे. काठावर बाजाराला निघालेले तिघंचौघं पाट्या उतरवून बसले होते आणि वडिलांकडे बघत होते.

“टाक ना दादा फळी!” लहानू ओरडला. “काऊन थांबला? नाव निरा वढून राह्यली!”

वडील म्हणाले, “एक मिनिट थांब. मी करतो सोय. गोठ्याचं दार आनतो.”

सोय! आजही हा शब्द ऐकला की माझ्या तोंडाला कडू चव येते. हे लक्षात घ्या, वडील दुष्टपणा करत नव्हते. आपण त्या बाईसाठी खास वेगळी फळी आणतोय, तिला चिखलात उतरू देत नाही, हा त्यांच्या मनात चांगुलपणा होता. मी त्यांना म्हटलं, “बाबा, ताईचं पानी गेलं.” ते गोठ्याकडे धावत धावतच म्हणाले, “म्हून तं घाई करून राह्यलो. इंदे, धर तिकून.” आणि मी धरलं. भांडण्यापेक्षा दार उचलणं लवकर होईल, एवढंच मला सुचलं. गोठ्याचं दार बिजागऱ्यांतून काढायलाच केवढा वेळ गेला, शेणानं गच्च बसलेलं. ते जड, बुळबुळीत दार आम्ही बापलेकीनं काठापर्यंत ओढत आणलं. हाताशी नाड्याची एक गाठ सोडली की खाली येणारी फळी वर तशीच टांगलेली होती.

गयाबाईनं दाराकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

“ते वर टांगेल हाय ते काय होय, दादा?”

“ते भाजीची हाय, बाई,” वडील खाली बघत म्हणाले. “तिच्यावरून समद्याईचा माल जाते. उद्या लोक तिच्यावर पाय ठेवनार नाईत. तू समजून घे.”

“भाजीची हाय,” गयाबाई म्हणाली. “मंग मी काय होय?”

बसलेल्यांपैकी एकानं पाटीवरचं फडकं नीट केलं. गयाबाईनं मला विचारलं, “पोरीले कवापासून कळा हायेत?” मी म्हटलं, “पहाटेपासून. लेकरू उभं हाय म्हनते माय.” तिनं नावेत मागं वळून पाहिलं. परत जाणं तिच्या हातात होतं आणि ती गेली असती तर मी आज तिला एका शब्दानं दोष दिला नसता. तिनं लुगडं खोचलं आणि दारावर पाय ठेवला.

दार म्हणजे दार. ते काठाला टेकलेलं आणि नावेच्या कडेला टेकलेलं, ना नाड्यानं धरलेलं ना आखावर बसवलेलं. तिचं वजन नावेतून दारावर आलं तशी नाव वर उचलली आणि बाहेर सरकली. मोटेवर जन्म काढलेल्या माझ्या वडिलांना हे कळत नव्हतं असं कोणी मला सांगू नये. हेच होऊ नये म्हणून तर त्यांनी सात खुंट्या ठोकल्या होत्या! दाराचं टोक कडेवरून निसटलं, गयाबाई काठ आणि नाव यांच्या मध्ये पडली आणि नाव परत येऊन आपटली तेव्हा तिचा उजवा हात दार आणि नावेच्या मध्ये होता. तो आवाज मी ऐकला. लहानू बांबू टाकून पाण्यात उतरला, मी काठावर पालथी पडून तिचा डावा हात धरला आणि आम्ही दोघांनी तिला वर ओढलं. वडील “अरे, अरे” करत होते. त्यांचे हात पुढं आले होते, पण तिच्यापर्यंत पोचले नाहीत.

तिचं मनगट वाकडं लोंबत होतं. चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, आता ती शिव्या घालेल. ती म्हणाली, “चाल, पोट्टे. किती येळ गेला पाह्य.”

पुढचं मी कमी शब्दांत सांगते. गयाबाईनं लुगड्याची पट्टी फाडून हात छातीशी बांधायला लावला. आई दारातच देवाचं नाव घेत उभी होती. गयाबाई तिला म्हणाली, “तुम्ही डोक्यापाशी बसा, बाई. हे पोट्टी करन.” मी कुमारी पोर, बाळंतपण म्हणजे दाराबाहेरून ऐकलेलं ओरडणं एवढंच मला ठाऊक. तिनं मला राखेनं आणि कढत पाण्यानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि माझ्या मागं, माझ्या खांद्याला हनुवटी टेकून बसली. आधी पाय आले. मी ओढायला गेले तशी ती कानात ओरडली, “ओढू नको! येऊन राह्यलं ते, येऊ दे त्याले. तू फकस्त झेल.” मग कंबर, मग खांदे, आणि मग सगळं थांबलं. डोकं आत, बाकी लेकरू माझ्या हातात लोंबतंय, निळं. ताई ओरडायचीही थांबली होती. गयाबाईचा श्वास माझ्या कानात लागत होता, दुखण्यानं तिचे दात वाजत होते, पण आवाज मात्र सरळ. “आता पाय धर. वर उचल, मायच्या पोटाकडं. हळू. आजून. आजून, भेऊ नको.” आणि वनिता आली. गयाबाईनं सांगितलं तसं मी तिची पाठ चोळली, तोंडातलं बोटानं काढलं, आणि बऱ्याच वेळानं ती रडली. बाहेर वडील मोठ्यानं म्हणाले, “आली सुईन वेळेवर!”

बाहेर अंगणात गयाबाईनं प्यायला पाणी मागितलं. आईनं नेहमीप्रमाणे तांब्या वर धरला. ओंजळीला दोन हात लागतात. गयाबाईनं एक डावा हात पुढं केला, पाणी त्यातून सगळं खाली गेलं. आई पुन्हा ओतायला लागली, पुन्हा सांडलं. शेवटी आईनं तांब्या तिच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि तोंडाला पदर लावून आत गेली. गयाबाई तांब्या उचलून घटाघटा प्यायली. तो तांब्या नंतर घरात पुन्हा दिसला नाही. मी कोणाला विचारलंही नाही.

तिचा हात पुढं कधी सरळ झाला नाही. नांदुऱ्याच्या डॉक्टरनं बांधला, पण मूठ वळेना. तिनं सुईणपण सोडलं. आमच्या दोन्ही काठांवर त्यानंतर किती बाया अडल्या, किती लेकरं गेली, ते कोणत्या स्मरणिकेत येणार आहे?

त्या दिवशी उन्हं कलली तसं तिला पोचवायला मी तिचं बोचकं डोक्यावर घेऊन घाटावर गेले. वडील आमच्या पुढं होते. काठावर आता कोणी नव्हतं, बाजारची माणसं परतायला वेळ होता. वडिलांनी एकदा गावाच्या वाटेकडे पाहिलं, एकदा मळ्याकडे पाहिलं. मग नाडा सोडला. चाक लांब ओरडलं. दिवसभरात पाणी उतरून फळीखालचा चिखल उघडा पडला होता. फळी खाली आली आणि नावेच्या कडेवर अलगद टेकली.

“ये, बाई,” ते म्हणाले. “ये इकून. सांभाळून ये.”

गयाबाई थांबली. तिनंही गावाच्या वाटेकडे पाहिलं, मळ्याकडे पाहिलं.

“आता कोनी पाहून नाई राह्यलं,” ती म्हणाली, “म्हून काय?”

आणि ती फळीला वळसा घालून, बांधलेला हात छातीशी धरून, काठावरून खाली चिखलात उतरली. घोटा, पोटरी, गुडघा. प्रत्येक पाय ती उपसून काढत होती आणि पुढं टाकत होती. वडील नाडा धरून उभे होते. “पाह्य, इंदे,” ते मला म्हणाले, “आपन मान दिला तं हे असं.” हे मी त्यांना कधी माफ केलं नाही, आणि माफ करायचा माझा विचारही नाही.

पण लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. ती चिखलातून नावेकडे जात होती आणि तिचं बोचकं माझ्या डोक्यावर होतं. सकाळी जिचा हात धरून मी तिला पाण्यातून ओढलं होतं, दुपारी जिचा श्वास माझ्या कानात होता, ती बाई. मी काही ठरवलं नाही. माझे पाय रोज जायचे तसे गेले. मी फळीवरून चालत जाऊन तिच्या आधी नावेत पोचले आणि तिथं उभी राहून तिची वाट पाहू लागले. लहानूनं तिला हात देऊन वर घेतलं. मांडीपर्यंत काळ्या चिखलानं भरलेली, ती माझ्यासमोर उभी राहिली आणि डाव्या हातानं तिनं माझ्या डोक्यावरचं बोचकं उतरवून घेतलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं. ते कोरडे होते. मी वळले आणि त्याच फळीवरून घरी आले.